चहाच्या तबकाला सुटलेल्या अळ्या

"निघाली! निघाली! अगं, आणखी एक निघाली!"

हम्मामच्या बाहेरच्या खोलीत एकच गलका उठला. आतून न्हाऊन आलेल्या बायका, कुणी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, कुणी संत्र्याची फोड तोंडात तशीच धरून, एका चटईभोवती दाटी करून उभ्या होत्या. चटईवर खद्दूज बसली होती आणि तिचा कोपर अळ्या काढणाऱ्या लल्ला तामूच्या मांडीवर होता. लल्ला तळहाताने तो कोपर चोळत होती, आणि चोळता चोळता खालच्या पांढऱ्या फडक्यावर बारीक, करड्या, पीळदार अळ्या पडत होत्या. एकेका अळीला काळा ठिपका होता. तो म्हणे तिचा डोळा.

"बघा गं बायांनो, नीट बघून घ्या!" लल्लाचा आवाज घुमटापर्यंत पोचत होता. "राबातच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी काचा लावून बघितलं असतं, तरी ह्या सापडल्या नसत्या. सीदी म्हांद पीराच्या कबरीची माती लागली, की कशा मुकाट बाहेर येतात! ही बघा, ही थोरली. हिला नातवंडं आहेत."

अळीला नातवंडे आहेत हे लल्लाने कशावरून ओळखले, ते विचारायचे कुणालाही सुचले नाही. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा उलुलु काढला. खद्दूजच्या डोळ्यांत तर पाणी आले. लल्लाने माती पुसली, दुसऱ्या मडक्यातले पिवळे मलम कोपरावर थापले आणि नेहमीचा हुकूम सोडला. "पुढच्या गुरुवारापर्यंत इथे हातमोजा नाही, साबण नाही. सकाळ-संध्याकाळ मलम. अळ्यांची परतीची वाट बंद झाली पाहिजे."

मिदेल्त शहराच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागांमध्ये वसलेल्या त्या गावात बाई स्वच्छ आहे की नाही, हे तिच्या अंगावरून निघणाऱ्या मळाच्या वळ्यांवरून ठरते. गुरुवारी हम्मामात जायचे, काळा साबण फासायचा, खरखरीत हातमोज्याने अंग खसाखसा घासायचे, आणि वळ्या सुटल्या की त्या शेजारणीला अभिमानाने दाखवायच्या. वळी निघाली नाही तर आंघोळ झालीच नाही. ज्या बायकांनी जन्मभर स्वतःच्या अंगाच्या वळ्या मोजल्या, त्यांना तशाच वळ्यांना डोळा लावून अळी म्हणून दाखवणे काय कठीण! लल्ला तामू आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होती.

गर्दीच्या कडेला इत्तो उभी होती. तिच्या खांद्यावर पाच महिन्यांची यामना होती, आणि यामना आपला गाल आईच्या शालीवर एकसारखा घासत होती. त्या पोरीचे दोन्ही गाल, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या लाल होऊन तडकल्या होत्या. रात्री खाजेने रडायची, दिवसा खाजेने रडायची. शालीवर रक्ताचे ठिपके पडलेले इत्तोला रोज धुवावे लागत.

"पुढे हो की," सासूने तिला कोपराने ढोसले. "आपली पाळी आहे."

सासू म्हणजे हज्जा मन्नाना. गावातली सगळ्यात स्वच्छ बाई असा तिचा लौकिक होता आणि तो तिने फार मेहनतीने कमावला होता. हम्मामात चहा द्यायचे पितळी तबकसुद्धा ती स्वतःच्या घरून आणायची, कारण इथल्या तबकाच्या घासणीवर तिचा विश्वास नव्हता.

लल्लाने यामनाला उलटे-सुलटे करून पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "ही तीच ना? हिच्या अळ्या तर मी मागे काढल्या होत्या."

"काढल्या होत्यात, लल्ला," हज्जा अजिजीने म्हणाली. "पुढचा गुरुवार येईपर्यंत पोरीचं अंग कसं मऊ झालं होतं! मग आम्ही हम्मामात आणली, स्वच्छ घासली, आणि दोन दिवसांत पुन्हा सगळं वर आलं."

लल्ला पेचात पडली. आता आपली माती हरली असे म्हणावे तर धंदा बसतो. कुणावर तरी खापर फुटायला हवे होते. तिने यामनाचे तोंड हुंगले, मग इत्तोच्या छातीकडे बघितले आणि डोळे मिटून घेतले.

"अळ्या कातडीतून येत नाहीत, बायांनो," ती खोल आवाजात म्हणाली. "अळ्या दुधातून येतात. ही डोंगरातली पोर. लग्नाआधी कुठल्या झऱ्यावर बसली होती, कुणाला माहीत! झऱ्यातला जिन तिच्या दुधात शिरलाय. मी वरून काढते, ही खालून भरते. दूध तोडा. पुढच्या गुरुवारी पोरीला दुधाशिवाय माझ्यापुढे आणा, मी राणी अळी काढून दाखवते. नाहीतर..." तिने वाक्य तिथेच सोडले. असली वाक्ये पुरी करायची नसतात, त्यातच खरी कमाई असते.

सगळ्या बायका इत्तोपासून अर्धे पाऊल मागे सरकल्या. इत्तोने यामनाला उचलून घट्ट धरले. दूध तोडायचे? पाच महिन्यांच्या पोरीचे?

"माझ्या दुधात काही नाही," ती म्हणाली.

"तो आत बसलेला असंच बोलतो," लल्ला म्हणाली, आणि बायकांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर हज्जाने कपाटातून कोरफडीच्या काळ्या बोळाचा तुकडा काढून चुलीजवळ ठेवला. तो भिजवून आईच्या छातीला लावतात. मूल एकदा कडू चाखते, किंचाळते आणि पुन्हा तोंड लावत नाही. गावातली सगळी मुले अशीच सुटली होती, पण दोन-दोन वर्षांची झाल्यावर.

"शेळीचं दूध देऊ पाणी घालून," हज्जा म्हणाली. "मुलं काय त्यावर जगत नाहीत?"

"मी लावणार नाही."

"इत्तो!"

"नाही लावणार, हज्जा. मला मारा, घराबाहेर काढा, पण लावणार नाही."

हज्जा मारणाऱ्यातली नव्हती. ती चुलीपुढे बसली आणि तिचा आवाज एकाएकी बारीक झाला. "पोरी, मी तुझी वैरीण नाही गं. मी उशीर केला होता. तू नको करूस." कशाला उशीर केला, ते तिने सांगितले नाही. इत्तोनेही विचारले नाही; रागाच्या भरात माणसाला समोरच्याचे अर्धेच ऐकू येते.

नवरा अल्लाल सफरचंदांचा ट्रक घेऊन कासाब्लांकाला गेला होता. फोनवर म्हणाला, "आई म्हणते तसं कर ना. तिला चार गोष्टी जास्त कळतात." मग घाट लागला आणि फोन तुटला. घाट नवऱ्यांना नेमका अशाच वेळी लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इत्तो पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीण नुजहाने यामनाला आधी एकदा तपासले होते आणि पांढऱ्या मलमाचा मोठा डबाही दिला होता. इत्तोने आणलेला तो डबा टेबलावर ठेवून तिने झाकण उघडले, आणि ती इत्तोकडे बघतच राहिली.

"हा तर भरलेलाच आहे. वापरला कुणी?"

"हज्जा लावतात. रोज."

"किती?"

इत्तोने करंगळीचे टोक दाखवले. हज्जा मलम सुरम्यासारखे लावायची. महागाची वस्तू पुरवून वापरावी हे तिचे तत्त्व होते, आणि दर गुरुवारी त्याच कातडीवर हातमोजा चालवायचा, हे तिचे दुसरे तत्त्व.

"अगं, हे मलम आहे, कुंकवाची डबी नाही!" मिदेल्तात कुंकू नसते, डॉक्टरीण केसर म्हणाली होती. पण चिमूट चिमूट जपून वापरायच्या वस्तूचे नाव घेतले की ज्याचे त्याला कळते. "इकडे ये. घरी भाकरी भाजल्यावर काय करतेस?"

"फडक्यात गुंडाळून ठेवते."

"उघडी ठेवली तर?"

"कडक होते. तडे जातात."

"तुझ्या पोरीची कातडी म्हणजे उघडी राहिलेली भाकरी. काही मुलांची कातडी जन्मतःच अशी असते, आतलं पाणी धरून ठेवत नाही. त्यात इथली कोरडी थंडी. तडे जातात, खाज सुटते, खाजवलं की आणखी तडे. हे मलम म्हणजे वरचं फडकं. कोमट पाण्याने थोडा वेळ आंघोळ, सुगंधी साबण नाही, घासणं नाही. टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच हे भरपूर लावायचं. अंग चकाकलं पाहिजे. दिवसातून तीन-चार वेळा लाव. बरं दिसलं तरी लाव, ते महत्त्वाचं. लाली फार वाढली तर हे दुसरं, पण मी सांगेन तेवढंच आणि तेवढेच दिवस."

"आणि दूध?"

"दूध काय?"

इत्तोने सगळे सांगितले. डॉक्टरीण खुर्चीत मागे रेलली आणि तिने एक शिवी गिळली. "दूध पाज. कुणी काहीही म्हणो, पाज. ह्या वयात तोडलंस तर पोर थंडी काढेल की नाही, मला सांगता येत नाही."

"पण अळ्या, डॉक्टरीणबाई? मी डोळ्यांनी बघितल्यात. यामनाच्या अंगातून पडल्या."

"मी नाही बघितल्या. ह्या आजारात अळ्या नसतात एवढं मला ठाऊक आहे. तिथे काय पडलं, हे तू बघितलंस ना? मग तूच शोध."

इत्तो घरी आली ती जरा खट्टूच होऊन. डॉक्टरिणीने औषध दिले, पण अळ्यांचे उत्तर दिले नाही, आणि गाव अळ्यांवर चालत होते. तरी तिने खोलीची कडी लावली, यामनाला कोमट पाण्याने न्हाऊ घातले, टिपले आणि ओंजळभर मलम पोरीच्या अंगावर चोपडले. यामना लोण्याच्या गोळ्यासारखी चकाकू लागली. मग इत्तोने तिला छातीशी घेतले. बाहेरून हज्जा दार ठोठावत होती.

"काय करतेस आत?"

"दूध पाजते!" इत्तोने ओरडून सांगितले. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगते!"

मग तिने दार उघडले आणि सासूसमोर उभी राहिली. "हज्जा, गुरुवारपर्यंत थांबा. गुरुवारी मी सांगेन तशी लल्लाने अळी काढून दाखवली, तर हा बोळ मी माझ्या हाताने लावीन. यामनाची शपथ." हज्जाने होकारार्थी मान हलवली, पण बोळ चुलीजवळून उचलला नाही.

इत्तोला उत्तर सापडले ते रविवारी सकाळी, कणीक मळताना.

मोठ्या मातीच्या परातीत पीठ मळून झाले. गोळा फडक्याखाली झाकला. हाताला कणीक चिकटली होती, ती काढायला तिने, रोज करते तसे, तळहातावर तळहात चोळले. परातीत बारीक, करड्या, पीळदार वळ्या पडल्या. ती चोळत राहिली आणि त्या पडत राहिल्या. मग तिचे हात थांबले.

तिने भाकरीवर लावायला ठेवलेली कलौंजी चिमूटभर चुरडली, उरलेल्या कणकेत पाणी घालून तिची खळ केली, त्यात चुलीतली राख आणि ती कलौंजी कालवली. ती खळ दंडावर पातळ सारवली, शेकोटीजवळ जरा सुकू दिली आणि चोळली. अळ्या पडल्या. डोळ्यांसकट.

इत्तो हसायला लागली. तिला हसू आवरेना, आणि मग हसता हसता ती रडली. ह्या चिमूटभर पिठासाठी तिच्या लेकीच्या तोंडचे दूध तोडायला निघाले होते! रोज सकाळी गावातली प्रत्येक बाई ह्या अळ्या स्वतःच्या हातांनी पाडत होती, आणि गुरुवारी त्याच बघून उलुलु करत होती.

गुरुवारी हम्मामची ती खोली इतकी भरली होती, की चपला ठेवायला जागा नव्हती. राणी अळी निघणार ही बातमी वरच्या वाडीपर्यंत गेली होती. हज्जाने आपले तबक मध्ये ठेवले होते, पुदिन्याच्या चहाचे पेले भरून. यामना इत्तोच्या मांडीवर होती. पाच-सहा दिवसांच्या चोपडण्याने तिच्या गालांची लाली बरीच ओसरली होती, आणि ती चक्क झोपली होती.

"बघितलंत?" लल्ला विजयाने म्हणाली. "दूध तोडलं, फरक पडला!"

"दूध तोडलेलं नाही," इत्तो म्हणाली. "येण्याआधी पोटभर पाजून आणलीय."

खोलीत कुजबुज झाली. लल्लाने कपाळ बडवले. "मग राणी अळी आज चवताळून बाहेर येणार! माझ्या जिवाला धोका आहे, पण करते. आण पोरीला."

"आणते. पण आधी माझी एक अट. हज्जाशी ठरलंय." इत्तोने तबकावरचे पेले भराभर उचलून बाजूच्या बायकांच्या हातांत दिले, तबक फडक्याने कोरडे पुसले आणि लल्लापुढे ठेवले. "आधी ह्या तबकातून अळी काढून दाखवा."

बायका खो खो हसल्या. लल्लाही हसली, पण जरा उशिरा. "वेडी का काय? तबकात जीव असतो का? अळी कुठून येणार?"

"नाही ना येणार?"

"नाही!"

"सगळ्यांनी ऐकलंत? लल्ला म्हणतात, तबकातून अळी येणार नाही." आणि लल्लाचा हात पुढे येण्याआधी इत्तोने लल्लाच्याच मडक्यात बोटे बुडवून ती करडी ‘कबरीची माती’ तबकावर सारवली. गरम चहाने तबक तापलेलेच होते. तिने वर फुंकर मारली आणि तळहाताने चोळायला सुरुवात केली.

पहिली अळी पडली. मग दुसरी. मग तबकावर अळ्यांचा सडा पडला, एकेकीला काळा डोळा.

कुणीच हसले नाही. खद्दूज वाकून बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "तबकाला अळ्या!"

पण लल्ला तामू अशी हार जाणारी नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा. "मग सुटणारच! तबकालाही त्याने धरलंय! कुणा अपवित्र बाईचं तबक आहे हे? कुणाच्या घाणेरड्या घरातून आणलंय?"

"काय म्हणालीस?"

हज्जा मन्नाना उठून उभी राहिली होती. "ते माझ्या लग्नातलं तबक आहे. दर शुक्रवारी मी ते लिंबू आणि राख लावून घासते. त्यात तोंड बघून माझ्या मुलाने पहिली दाढी केली. माझं तबक घाणेरडं?"

"हज्जा, मी तसं नव्हते म्हणत..."

"मग कसं म्हणत होतीस?"

गर्दीत दोन तट पडू लागले. एकजण म्हणाली, तबकाला नजर लागू शकते. दुसरी म्हणाली, माझ्या मावशीच्या किटलीला लागली होती. प्रकरण पुन्हा धुक्यात जाते की काय असे इत्तोला वाटले, आणि मग तिने ते केले जे आजही त्या गावात गुरुवारी-गुरुवारी सांगितले जाते. तिने तबकावरची सगळ्यात जाडजूड अळी दोन बोटांत उचलली, सगळ्यांना दाखवली आणि तोंडात टाकली.

बायका किंचाळल्या. एकीने तर डोळे झाकले. इत्तोने सावकाश चावून गिळले.

"पीठ आहे," ती म्हणाली. "डिंकही घातलाय चिकटपणाला. डोळे कलौंजीचे. मीठ घालायचं राहिलंय, लल्ला. आमच्याकडे भाकरीत घालतात."

मग खद्दूजने हात पुढे केला, एक अळी उचलली, जिभेच्या टोकावर ठेवली आणि तिचे डोळे विस्फारले. "कलौंजी!" ती ओरडली. "अगं, कलौंजीच आहे! ही बया मला माझीच भाकरी दाखवून रडवत होती!"

आता मात्र घुमट हसण्याने दणाणला. जी ती अळी चाखायला पुढे येऊ लागली. ज्या अळ्यांना बघून बायका अर्धे पाऊल मागे सरत होत्या, त्या आता चहाबरोबर खपत होत्या. एक म्हातारी तर म्हणाली, जरा तेलात तळल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण माझा कोपर?" खद्दूज मध्येच गंभीर झाली. "पीठ तर पीठ, पण माझा कोपर खरंच बरा झाला होता, इत्तो. त्याचं काय?"

"तुला लल्लाने काय सांगितलं होतं?"

"हातमोजा नको, साबण नको, सकाळ-संध्याकाळ मलम."

"आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यामनासाठी तेच सांगितलंय."

खद्दूजने पिवळ्या मलमाचे मडके उचलून हुंगले, पुन्हा हुंगले. "केसर आणि नारंगीच्या फुलांचं अत्तर," ती म्हणाली, "आणि खाली व्हॅसलीन. आई माझ्या टाचांना लावायची, तेच."

"तेच. कातडीला आपण घासणं थांबवलं आणि वरून ओशट पांघरूण घातलं, म्हणून ती बरी झाली. मग गुरुवार आला, आपण पुन्हा घासलं, पुन्हा तडकली. आणि आपण पुन्हा लल्लाकडे! खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खवखव आपल्याला आणि खायला ही!"

लल्ला तामूने मडकी गोळा करायला घेतली होती. दाराशी पोचल्यावर ती वळली आणि तिने बोट रोखले. तिचा चेहरा आता खरोखर भेसूर दिसत होता. "दूध आटेल तुझं! आजच्या आज आटेल! सीदी म्हांदची शपथ घालून सांगते!"

पुन्हा सगळ्या चिडीचूप. शाप तो शाप. पिठाचा असला तरी कानाला लागतो. पण गलक्याने यामना जागी झाली होती आणि तोंड शोधत होती. इत्तोने भर खोलीत, लल्लाच्या डोळ्यांत डोळे रोखून, पोरीला छातीशी लावले. यामना एकदा अडखळली, मग तिने पकडले, आणि त्या शांततेत तिचे गटगट पिणे सगळ्यांना ऐकू आले. हनुवटीवरून दुधाचा एक थेंब ओघळला.

लल्ला निघून गेली. तिच्यामागून खद्दूज धावली, कारण तिने मोबदला म्हणून दिलेली साखरेची ढेप लल्लाच्या बोचक्यात होती.

हज्जा मन्नाना मात्र तबकाजवळच बसून राहिली होती. तिने एक अळी उचलली. खाल्ली नाही, नुसती बोटांत चुरडली. पीठ झाले.

"माझी पहिली मुलगी," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता, की जवळच्या बायकांनीच ऐकला. "अल्लालच्या आधीची. तिलाही असंच होतं, गालांवर. अशीच एक बाई आली होती, ह्याच खोलीत. म्हणाली, दूध तोड. मला तोडवेना. महिनाभर लपवून पाजत राहिले. मग सासूने बोळ लावलाच. त्या थंडीत मुलगी गेली. त्या बाईने मला सांगितलं, महिनाभर उशीर केलास, तोवर तुझ्या दुधाने तिला आतून खाल्लं." तिने बोटांवरचे पीठ पाहिले. "तीस वर्षं झाली. तीस वर्षं मी अल्लाकडे माझ्या दुधाची माफी मागतेय. इत्तो, पोरी, खरं सांग. माझं दूध..."

इत्तोने एका हाताने यामनाला धरले आणि दुसऱ्या हाताने सासूचा पिठाने माखलेला हात धरला.

"तुमचं दूध दूधच होतं, हज्जा. तुम्ही लपवून पाजलंत तो महिना ती त्याच्यावरच जगली."

हज्जा रडली. ती स्वच्छ बाई, नाकडोळे पुसायचेही भान न ठेवता, सगळ्यांसमोर रडली. आणि रडणे संपल्यावर तिने हम्मामच्या चुलीत कोरफडीचा बोळ फेकला. तो तिने सोबत आणला होता. लल्ला जिंकली असती तर तिथेच लावायचा होता.

यामनाची कातडी त्यानंतर रेशमी झाली, असे सांगून मी तुम्हाला आणखी एक चमत्कार विकणार नाही. असली कातडी एका रात्रीत बदलत नाही. पी हळद आणि हो गोरी, असे होत नसते. थंडीत तिचे गाल अजून तडकतात, उन्हाळ्यात निवतात. कधी लाली वाढते, तेव्हा डॉक्टरीणबाई दुसरे औषध देतात. पण रोज न्हाल्यावर हज्जा तिला टॉवेलने टिपते, डब्यात करंगळी नाही तर अख्खी चार बोटे बुडवते, मलम तळहातांत कोमट करते आणि पोरीला चोपडते. आणि डबा संपला की स्वतः जाऊन दुसरा आणते आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगते, "लहान मुलांना हातमोजा लावाल तर याद राखा!"

लल्ला तामू सध्या दुसऱ्या खोऱ्यात आहे, असे ऐकतो. तिथेही हम्माम आहे, तिथेही कोरडी थंडी आहे, आणि तिथेही कुणा आईला गर्दीत उभे करून तिच्या दुधावर बोट ठेवले जात असेल. म्हणून ही गोष्ट. तुमच्या अंगातून, घरातून, नशिबातून कुणी काही काढून दाखवू लागला, तर उलुलु करायची घाई करू नका. आधी त्याला तेच तबकातून काढायला सांगा. आणि तो चिडला, तर समजा की पीठ त्याच्याच मडक्यात आहे.